राजवाड्याच्या दारचा भाजीमळा



परदेशातला राजवाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? संगमरवरी जिने, झुंबरे, कारंजी आणि गुलाबाचे ताटवे. मीही तेच मनात धरून गेलो होतो. पण फ्रान्समधल्या व्हिलांद्रीच्या वाड्यापुढे उभा राहिलो आणि पाहतो तो काय, समोर कोबी, बीट, गाजर आणि भोपळे! राजाच्या मंत्र्याने बांधलेल्या वाड्याच्या पुढ्यात चक्क भाजीचा मळा. तीस वर्षे शेतीखात्यात काढलेल्या माणसाला यापेक्षा आणखी काय हवे?

मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त पॅरिसला असतात. गेल्या सप्टेंबरात मी आणि सौ. त्यांच्याकडे गेलो होतो. पॅरिसहून वेगवान आगगाडीने तासा-सव्वा तासात तूर नावाचे शहर लागते. (आपल्या तुरीच्या डाळीशी त्याचा काही संबंध नाही, बरे का!) तिथून मोटारीने पंधरा-सोळा किलोमीटरवर व्हिलांद्री हे छोटे गाव आहे. हा सारा ल्वार नदीचा प्रदेश. गाळाची जमीन, द्राक्षमळे, आणि जागोजाग जुने वाडे. अशा वाड्याला तिकडे ‘शातो’ म्हणतात.

व्हिलांद्रीचा वाडा पहिल्या फ्रान्सवा राजाचा अर्थमंत्री जां ल ब्रतों याने बांधला. 1536 च्या सुमारास तो पुरा झाला. त्याआधी तिथे जुनी गढी होती. तिचा एक बुरूज त्याने तेवढा राखला. त्या गढीत 4 जुलै 1189 रोजी इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने फ्रान्सच्या राजापुढे हार कबूल केली आणि दोनच दिवसांनी तो वारला. एवढ्या थोर इतिहासाच्या सावलीत आज भोपळे पिकतात!

बागा तीन पायऱ्यांवर आहेत, जणू बांध घालून केलेली टप्प्याची शेती. सर्वांत वर तळे. मधल्या टप्प्यावर, वाड्याच्या जोत्याच्या पातळीत, फुलांची बाग. खालच्या टप्प्यावर, गावच्या चर्चला लागून, भाजीमळा. वरच्या सज्जावरून पाहिले की सारा मळा पैठणीचा पदर पसरावा तसा दिसतो.

या मळ्याचे क्षेत्र साधारण अडीच एकर. त्यात सारख्या मापाचे नऊ चौक आहेत, पण प्रत्येक चौकातली आखणी वेगळी. आपल्याकडे बागेला मेंदीचे कुंपण करतात तशी बॉक्स नावाच्या झुडपाची गुडघ्याएवढी कातरलेली कुंपणे आणि त्यांच्या आत भाज्या. निळसर पानांचा लीक, म्हणजे कांद्याच्या कुळातली एक भाजी, त्याशेजारी जांभळा कोबी, मग गाजराचा हिरवा पाला, त्यापुढे बीटची लालसर पाने. रंगाशेजारी रंग पाहून लागवड केलेली. या पद्धतीचे मूळ मठांतल्या साधूंच्या भाजीमळ्यांत आहे, असे तिथे सांगतात. मधूनमधून गुलाबाची उंच खोडाची झाडे आहेत. मळ्यात खणत असलेल्या साधूंची ती आठवण मानतात.

पण मंडळी, मी रंगांवर भाळलो नाही. मला भावला तो मळ्याचा हिशेब. वर्षात दोन लागवडी. पहिली मार्चमध्ये, ती जूनपर्यंत. दुसरी जूनमध्ये, ती नोव्हेंबरपर्यंत. भाज्यांचे सुमारे चाळीस प्रकार, पण वनस्पतिशास्त्राने ते आठच कुळांत बसतात. एका कुळाची भाजी त्याच चौकात लागोपाठ घेत नाहीत. तीन वर्षांचा फेरपालट ठरलेला. 2009 पासून हा मळा सेंद्रिय पद्धतीने केला जातो. म्हणजे जे आपण शिबिरांतून फळ्यावर लिहितो, ते इथे जमिनीवर आखलेले होते.

आता ही बाग जशीच्या तशी चारशे वर्षे चालत आली असे समजू नका. एकोणिसाव्या शतकात ती मोडून तिथे इंग्रजी थाटाचे मोकळे उद्यान केले होते. 1906 साली होआकिम कार्व्हालो या स्पेनमध्ये जन्मलेल्या डॉक्टरने आणि अ‍ॅन कोलमन या त्याच्या अमेरिकन पत्नीने हा वाडा विकत घेतला. कार्व्हालो हा शार्ल रिशे या शास्त्रज्ञाकडे संशोधन करीत असे. रिशे यांना पुढे 1913 साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा ठिकाणची वाट सोडून हा गृहस्थ वाड्याच्या मागे लागला. जुनी चित्रे, जुने नकाशे आणि मातीखालच्या भिंतींच्या खुणा पाहून त्याने मळा पुन्हा उभा केला. एकट्याच्या खिशाला हे वाडे पेलणार नाहीत हे ओळखून 1924 मध्ये त्याने अशा वाड्यांच्या मालकांची संघटना काढली आणि लोकांना वाडे दाखवण्याचा पायंडा पाडला. आज त्याचेच वंशज तो सांभाळतात.

मोडलेली बाग पुन्हा उभी करता येते, हे ऐकून मी एका दगडी बाकावर बसलो. मला आमच्या घरामागचे दोन गुंठे आठवले.

1995 साली मी नवा नवा नोकरीला लागलो होतो. बी. एस्सी.ची पदवी, अंगात उमेद. आईची परसबाग न्हाणीच्या पाण्यावर पिकायची. अळू, वांगी, मिरची, दोडका, वाल, कडेला झेंडू आणि कोपऱ्यात शेवगा. मी म्हणालो, ‘‘आई, एवढी जागा वाया घालवण्यापेक्षा ऊस दारापर्यंत आणू.’’ ती म्हणाली, ‘‘ऊस विकून मिरची विकत आणायची होय रे?’’ मी हसलो आणि ऊस लावला. तेव्हापासून आमच्या घरी बाजाराच्या दिवशी पिशवीतून भाजी येते. ती सल मला व्हिलांद्रीच्या बाकावर बोचली. त्या काळात मी अनेकांना हाच सल्ला दिला होता, हेही कबूल केले पाहिजे.

कोणी म्हणेल, मंत्र्याच्या वाड्याचे सोडा, आपल्याला ते कसे परवडणार? पण त्या मळ्यातली वांगी मूळची आपल्याच भागातली. मिरची, टोमॅटो आणि लाल भोपळा अमेरिका खंडातून तिकडे गेले. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. वाणही तेच आणि रीतही आपल्याला जमण्यासारखी. एक-दोन गुंठ्यांत लहान लहान वाफे पाडा. वांगी, मिरची, टोमॅटो ही एकाच कुळातली. ती निघाली की त्या वाफ्यात घेवडा किंवा मेथी घ्या. पुढे मुळा, गाजर. कडेने झेंडू लावा, त्याने मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात. न्हाणीचे पाणी गटारात सोडू नका.

परत आल्यावर दिवाळीनंतर ऊस तुटला. घरामागच्या दोन गुंठ्यांत या वेळी खोडवा ठेवला नाही. जमीन नांगरून, दोरी लावून मी नऊ वाफे आखले. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ओट्यावर बसून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, ‘‘चौकोन छान आखलेस. पण मिरचीचा वाफा शेवग्याच्या बुंध्याच्या सावलीत येतोय. ते फ्रान्समध्ये नाही का शिकवले?’’

मी मुकाट्याने दोरी उपटली आणि ती सांगेल तशी पुन्हा लावली.