लेबल नसलेली श्रद्धा

ऐंशीच्या दशकात वसईत वाढलेल्या आम्हा मुलांची विज्ञानकथेशी ओळख करून दिली ती भा. रा. भागवतांनी. त्यांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नचा आम्ही फडशा पाडला. मग नारळीकर आले. त्या गोष्टींत चंद्र होता, पाताळ होतं, कृष्णविवर होतं. देव नव्हता, आणि तो तिथे असावा असं कधी वाटलंही नाही. त्याची जागा रविवारच्या मिस्सेत नि संध्याकाळच्या रोझरीत. मॅडलिन लेंगल यांचं ‘अ रिंकल इन टाइम’ हाती पडलं आणि ही वाटणी मोडली.

पुस्तक १९६२ चं. अनेक प्रकाशकांनी साभार परत केलेलं, आणि छापल्यावर १९६३ चं न्यूबेरी पदक मिळवणारं. चष्मेवाली, दातांना तारा लावलेली, चिडकी मेग आपल्या बेपत्ता शास्त्रज्ञ वडिलांच्या शोधात निघते आणि कॅमाझॉट्झ नावाच्या ग्रहावर पोचते. तिथली ती गल्ली मला अजून पाठ आहे. सारखी करडी घरं. प्रत्येक दारापुढे एक मूल, कुणी दोरीवर उड्या मारतंय, कुणी चेंडूचे टप्पे पाडतंय, सगळी एकाच ठेक्यात. एका क्षणी सगळी दारं उघडतात, सगळ्या आया बाहेर येतात, मुलं आत जातात. फक्त एका मुलाचा ठेका चुकतो, चेंडू निसटतो, आणि त्याच्या आईच्या चेहऱ्यावर जी भीती उमटते ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

या ग्रहावर सत्ता आहे एका मेंदूची, शरीर नसलेल्या. मेग त्याला हरवते ती गणिताने नाही, धाकट्या भावावरच्या मायेने. तिथे क्रूस नाही, प्रवचन नाही. मेगला वाट दाखवणारी मिसेस हू बायबलचं एखादं वचन बोलते, पण तितक्याच सहज पास्कल आणि शेक्सपियरही. अंधाराशी झुंजलेल्यांची नावं येतात तेव्हा येशूपाठोपाठ लिओनार्दो, आइन्स्टाइन, बुद्ध आणि आपले गांधीजीही येतात. कॅटेकिझमच्या वर्गात गांधीजी कधी भेटले नव्हते. इथे भेटले, आणि मला फार बरं वाटलं. पुढे ‘अ विंड इन द डोअर’मध्ये (१९७३) तर अनेक डोळ्यांचा, अनेक पंखांचा करूब, म्हणजे देवदूत, मुलांना घेऊन थेट पेशीतल्या मायटोकाँड्रियात शिरतो. यहेज्केल संदेष्टा आणि जीवशास्त्र एकाच पानावर!

तो काळ सगळा सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. ‘रिंकल’मधल्या त्या नावांच्या यादीवरून अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती पालकांनी पुस्तकावर आक्षेप घेतले: येशूला इतरांच्या रांगेत का बसवलं? उलट काहींना तेच पुस्तक फार ख्रिस्ती वाटलं. पण लेखिका दोन्हींकडून बोलणी खात राहिली आणि तिने ओळ बदलली नाही.

आता श्रद्धा अशा गोष्टींतून वेगळी काढली जाते. २०१८ मध्ये डिस्नेने चित्रपट काढला, दिग्दर्शन अव्हा डुव्हर्ने यांचं. स्टॉर्म रीडची मेग मला मनापासून आवडली. आपल्यासारख्या सावळ्या मुलींना ती जवळची वाटेल. पण बायबलची वचनं गेली, आणि मिसेस हूच्या तोंडी रॅप गाण्यांच्या ओळी आल्या. आंट बीस्टही गेली. डोळे नसलेला, मऊ अंगाचा तो जीव आजारी मेगला कुशीत घेतो आणि विचारतो, उजेड म्हणजे काय? मेगला सांगता येत नाही. श्रद्धेबद्दल याहून नेमकं पान मी कुमारवाङ्मयात वाचलेलं नाही, आणि तेच कापलं गेलं.

दुसऱ्या टोकाला आहे ‘ख्रिश्चन फिक्शन’चं वेगळं कपाट. तिथल्या यानात बसलेला नायक कधी प्रार्थना करणार हे दुसऱ्या प्रकरणातच कळतं. अशी पुस्तकं भेट म्हणून पॅरिशमधल्या मुलांना मिळतात. मुलं ती आज्ञाधारकपणे वाचतात, एकमेकांना मात्र सुचवत नाहीत. आमचं ‘रिंकल’ हातोहात फिरायचं. ते वाचणाऱ्या आमच्या हिंदू मैत्रिणीला त्यात ख्रिस्त दिसला नसेल, पण चेंडू निसटलेल्या त्या मुलाबद्दल ती माझ्याइतकीच रडली होती.