नंबराचं घर

तुमच्या दारावर आईबाबांच्या नावाची पाटी असेल. आमच्या दारावर काळ्या रंगात नुसता नंबर होता. नांदगावच्या रेल्वे क्वार्टरमधलं ते घर. एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा. स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरांसाठी गावोगावी अशा घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. घरं इतकी सारखी, की नवा पाहुणा हमखास शेजारी शिरायचा आणि चहा पिऊनच बाहेर यायचा!

नांदगाव हे मनमाड आणि चाळीसगावच्या मधलं स्टेशन. मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, रेल्वे जाण्याआधी वेरूळची लेणी बघायला निघालेले प्रवासी इथे उतरून टांग्यानं पुढे जात. आम्हाला मात्र लेण्यांपेक्षा पाण्याचं अप्रूप. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, पण उन्हाळ्यात गावात पाण्याची ओरड ठरलेली. नळावरचं भांडण मराठीत सुरू व्हायचं, हिंदीत रंगायचं आणि अहिराणीत मिटायचं.

माझे बाबा गँगमन होते. पावसाळ्यात त्यांना रात्रीची गस्त असे. पाठीला पिशवी, हातात बत्ती, गळ्यात शिट्टी आणि एका डब्यात फटाके. दिवाळीचे नव्हेत हं! पुढे रूळ खचलेला दिसला, तर गाडी येणार त्या दिशेला धावत जायचं. ६०० मीटरवर एक फटाका रुळावर बांधायचा आणि १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. आपल्या हद्दीच्या टोकाला पलीकडचा गस्तवाला भेटला, की दोघांनी वह्या बदलायच्या. माणूस खरंच तिथवर चालत आला, याचा तो पुरावा!

गाड्यांच्या आवाजानं आम्ही कधी जागे झालो नाही. आवाज थांबला की जाग यायची. मी चौथीत असताना एका रात्री धो-धो पाऊस होता आणि बराच वेळ एकही गाडी गेली नाही. आई उठून ओट्यावर बसली. शेजारच्या काकू छत्री घेऊन आल्या. त्यांचेही 'हे' लाईनवरच होते. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. मी दाराआडून बघत होते. पहाटे लांबून मालगाडीची धडधड ऐकू आली, तेव्हा काकू म्हणाल्या, "चला, दूध तापवायचंय."

बाबा सकाळी आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. पुलाच्या खांबावर धोक्याची खूण असते. पाणी तिच्या वीतभर खाली येऊन थांबलं होतं. ते उतरू लागेपर्यंत बाबा तिथेच उभे होते. एवढं सांगून ते झोपले.

२००९ साली बाबा निवृत्त झाले आणि घर सोडायची वेळ आली. आमच्या उंचीच्या रेघा भिंतीवर होत्या. त्यांवर चुना मारला. किल्ली देण्याआधी आईनं फरशी घासून घासून धुतली. "आता परक्याचं घर, कशाला एवढं?" असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "येणारीला घाण दिसायला नको."

आम्ही गावात भाड्याच्या घरात आलो. तिथे रूळ लांब होते. पहिले कितीतरी दिवस आई मध्यरात्री उठून बसायची आणि बाबांना हलवून विचारायची, "अहो, मालगाडी गेली का?"