मोरूचा खोकला

गेल्या आषाढात पुण्याहून भाच्याचा दूरध्वनी आला. "आत्या, बाबांना पोपट घेऊन द्यावा म्हणतो. आफ्रिकन ग्रे. माणसासारखा बोलतो. तुझं काय मत?"

वहिनीला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. दादा एकाहत्तर वर्षांचा, सांगलीत विश्रामबागेत एकटाच राहतो. मी साताऱ्याहून पंधरा दिवसांनी एसटीने त्याच्याकडे जाते, तेव्हा दूरदर्शन संच मोठ्या आवाजात चालू असतो आणि समोर कोणीच बसलेले नसते. घरात एखादा बोलणारा जीव आला तर बरेच, असे मलाही वाटले.

पोपट आम्हा भावंडांना नवा नव्हता. साताऱ्याच्या मंगळवार पेठेतील घरी पडवीत मिठूचा पिंजरा टांगलेला असे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची एवढाच त्याचा आहार. पंख कापलेले. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा घरात कोणालाच वाटले नाही, मलाही नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे हिरवे पोपट पाळणे हा गुन्हा आहे. म्हणून हौशी मंडळी आता परदेशी जातींकडे वळतात. तेथेही नियम आहेतच. आफ्रिकन ग्रेला २०१६ साली 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराचे सर्वांत कडक संरक्षण मिळाले, आणि अशा पक्ष्यांची नोंदणी शासनाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करण्याचे नियम २०२४ मध्ये आले. दुकानदाराची पावती म्हणजे नोंदणी नव्हे, एवढे भाच्याला मी त्याच दिवशी सांगितले.

दादाच्या मनात ही हौस कोठून आली ते मला ठाऊक होते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गावभागातील त्याचे स्नेही अण्णा आपल्या पोपटासह त्याच्याकडे राहायला आले होते. होडीत पिंजऱ्याला जागा नव्हती. अण्णांनी उशीचा अभ्रा काढला, मोरूला त्यात घातले आणि छातीशी धरून आणले. त्या दिवसांत मोरूने वहिनीच्या कुकरची शिट्टी उचलली. वहिनी दोनदा उठून गॅस बंद करायला गेली. ही गोष्ट दादा आजही सांगतो.

म्हणून, पक्षी घेण्याआधी अण्णांना भेटून येऊ, असे मी सुचवले. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे, बँकेतून निवृत्त झालेले. मोरू चौदा वर्षांचा. आम्ही बसलो होतो आणि आतल्या खोलीतून खोकल्याची कोरडी उबळ ऐकू आली. शेवटी घसा खाकरल्याचा आवाजही आला. अण्णा तर आमच्यासमोर कपात चहा ओतत होते. "मोरू हो! माझा खोकला त्यानं चोरलाय," असे म्हणून ते हसले आणि हसता हसता स्वतः खोकू लागले. दोन्ही खोकल्यांत फरक नव्हता.

तो खोकला दोन वर्षांचा होता. जिना चढताना धाप लागे, वजनही उतरले होते. वय झाले, धूळ फार, दमा असेल, अशी कारणे निघत गेली. दम्याचा पंपही झाला. घरात पक्षी आहे का, हे कोणी विचारले नव्हते आणि अण्णांनीही आपण होऊन सांगितले नव्हते. दिवाळीनंतर मिरजेतील एका फुप्फुसतज्ज्ञांनी तपासणीआधीच तो प्रश्न केला. छातीच्या सीटी स्कॅननंतर निदान झाले: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस.

हा जंतुसंसर्ग नव्हे. पक्ष्यांच्या पिसांवरची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत जात राहते, आणि काही माणसांच्या शरीराची संरक्षणयंत्रणा तिच्याविरुद्ध उठते. फुप्फुसाला सूज येते. दीर्घकाळ दुर्लक्ष झाले तर तेथे व्रण धरतात आणि ते भरून येत नाहीत. कबुतरांमुळे हा आजार होतो हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. घरातल्या लाडक्या पक्ष्याचा संशय मात्र चटकन येत नाही. आफ्रिकन ग्रे आणि काकाकुवा यांच्या अंगावर ही भुकटी विशेष असते. औषधे सुरू झाली, परंतु डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पक्षी घरात असेपर्यंत औषधाचा भरवसा नाही. पक्षी गेल्यावरही पडदे, गाद्या, सतरंज्या धुवाव्या लागतील, कारण धूळ महिनोन्‌महिने राहते.

अण्णांनी दादाला बोलावून विचारले, "तुम्ही ठेवाल का याला?"

दादा त्या रात्री माझ्याशी फोनवर बराच वेळ बोलला. अँजिओप्लास्टीनंतर तो रक्त पातळ करणारी गोळी घेतो. बदाम फोडणारी ती चोच बोटाला लागली तर रक्त थांबणे सोपे नाही. रोज काही तास पिंजऱ्याबाहेर सोडायचे, सोबत करायची. एकटे पडले तर हे पक्षी स्वतःची पिसे उपटतात. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, अगरबत्ती आणि डासांची कॉइलही नको. (त्याचे दर गुरुवारचे धूप-दीप बंद झाले असते, हे मी बोलले नाही.) हे सगळे त्याने अण्णांकडून ऐकले होते आणि निभावले असते असे मला वाटते. तो अडला तो वेगळ्याच हिशेबापाशी. चांगली निगा राखली तर आफ्रिकन ग्रे चाळीस ते साठ वर्षे जगतो.

"त्याला चौदा, मला एकाहत्तर," दादा म्हणाला. "आणखी दहा वर्षांनी मीही अण्णांसारखाच कोणाला तरी बोलावणार."

अण्णांनी मोरू आणला तेव्हा ते चौसष्टचे होते. पक्षी किती जगतो हे त्यांनी विचारले होते, पण तो आकडा स्वतःच्या वयात मिळवून पाहिला नव्हता. "जन्मभर व्याज मोजलं हो मी," ते मला म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत.

अखेर कऱ्हाडच्या त्यांच्या पुतणीने मोरूला नेले. ती पस्तिशीची आहे, घराला मागे जाळीचा मोठा व्हरांडा आहे, आणि घरात कोणाला दमा नाही हे तिने आधी पाहून घेतले. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पत्ताही तिने लिहून ठेवला आहे. पहिला महिना मोरूने छातीची पिसे उपटली, मग थांबला. अण्णांचा खोकला पुष्कळ कमी झाला. धाप मात्र पूर्णपणे गेलेली नाही. दादाने पक्षी घेतला नाही. संध्याकाळी तो अण्णांकडे जाऊन बसतो आणि आठला परततो.

परवा पुतणी अण्णांना भेटायला आली होती. मोरू तिच्या मुलांची नावे घेऊ लागला आहे. रात्री नऊला पिंजऱ्यावर कापड टाकले की तो मात्र अजून खोकतो, आणि शेवटी घसा खाकरतो. त्या घरात खोकला कोणालाच नाही.