समाधान पाचपैकी चार

चाकणच्या कंत्राटी कामगारांचं 'नोकरीतलं समाधान' मोजायचं, हा माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय. मोजायचं कसं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. रेन्सिस लिकर्टनं १९३२ मध्ये मांडलेली एक ते पाचची पट्टी होती, फॉर्म होता, पेन होतं. खराबवाडीत चहाच्या टपरीवर पहिल्याच मुलाला विचारलं, पगार किती? तो म्हणाला, "कागदावरचा की हातातला? ओटी धरून की सोडून?" माझ्या फॉर्मवर चौकट एकच होती.

समाधानाचा प्रश्न मात्र झरझर पुढे सरकला. जो तो म्हणे, चार. नांदेडचा एक जण, नाइट करून आलेला, डोळे लाल, सात महिने भरल्यावर देतात तो ब्रेक तोंडावर आलेला, तोही म्हणाला, "चारच लिहा मॅडम." जाताना हळूच विचारलं, "तुम्ही एचआरच्या ना?" माझ्या गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र लोंबत होतं.

तरी आकडे संगणकात भरले. क्रॉनबाखचा अल्फा (१९५१ चा) म्हणजे प्रश्नांचं आपसातलं जुळणं, असं मी समजून घेतलं होतं. ०.७ आला तरी लोक खूश असतात, माझा ०.९ च्या वर गेला. मी पेढे वाटले. मार्गदर्शक बाईंनी पेढा खाल्ला आणि फॉर्म वाचला: काम आवडतं का, कामात आनंद मिळतो का, कामावर बरं वाटतं का. "जुळणारच की," त्या म्हणाल्या. "एकच प्रश्न तीनदा विचारलायस."

मावसभाऊ भोसरीत क्वालिटीला आहे. त्याच्याकडे नवं गेज आलं की 'गेज आर अँड आर' करतात: दहा नग, तीन माणसं, प्रत्येकानं तोच नग दोन-तीनदा मोजायचा, आधीचं रीडिंग न बघता. एकूण फरकात गेजचा आणि माणसांचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, तीसच्या वर गेला तर गेज बाद. "आणि झिरो सरकलेला मायक्रोमीटर दर वेळी सारखंच रीडिंग देतो," तो म्हणाला. "सारखंच चुकीचं." माझा अल्फा तिथेच उतरला.

मग वाचायला लागले. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस बंगालच्या ताग पाहणीत एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवत. आकडे जुळले नाहीत की मोजणाऱ्यांचा घोळ उघडा पडे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५ व्या फेरीत (१९९९-२०००) खाण्याचा खर्च त्याच कुटुंबाला सात दिवसांचाही विचारला, तीस दिवसांचाही. एका उत्तरानं दुसऱ्याला ओढलं आणि देशातली गरिबी नेमकी किती घटली यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मीही दोन तुकड्या केल्या: एक मी, दुसरी परभणीची मैत्रीण. ओळखपत्रं पिशवीत. तीच माणसं मला चार सांगत, तिला दोन. खरं कुठलं? भावाकडे अशा वेळी मास्टर पीस असतो, गेज त्याच्यावर लावून बघतात. समाधानाचा मास्टर पीस कुठून आणू?

म्हणून आता एक ते पाच बाजूला ठेवून विचारते, धाकट्या भावाला इथे लावाल का? मला चार सांगितलेला एक जण हसायलाच लागला. "येडं का काय मॅडम? त्याला पोलीस भरतीला बसवलाय."