साथीला कोण आहे, ते ऐकू येतं

दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन आला आणि पाठोपाठ त्याच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर. पहिल्या काही आठवड्यांत जे जाणवलं ते लिहून ठेवतो आहे. हेडफोन म्हटला की आपल्याकडे अजूनही ‘बेस किती?’ हाच पहिला प्रश्न असतो. मला या जोडीने दिलं ते फार वेगळं, आणि शास्त्रीय संगीत, भावगीतं ऐकणाऱ्यांच्या ते नक्की उपयोगाचं आहे.

एचडी ६०० काही नवा माल नाही. १९९७ साली तो बाजारात आला आणि आजही विकला जातो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत इतकं आयुष्य दुर्मीळ. याची केबल निघते, कानाच्या गाद्या बदलता येतात, सुटे भाग मिळतात. म्हणजे घेणाऱ्याने तो वर्षानुवर्षं वापरावा अशीच त्याची बांधणी आहे. वजन २६० ग्रॅम. हातात घेतल्यावर प्लास्टिक जाणवतं आणि या किमतीत थोडं खटकतंही. पण कानाच्या बाहेरच्या अंगाला असलेली धातूची जाळी पाहिली की त्याचा स्वभाव कळतो. हा पाठ उघडी असलेला हेडफोन आहे. आत कंप पावणाऱ्या पडद्यामागची हवा कोंडलेली नसते, त्यामुळे आवाज डोक्यात दाटत नाही, मोकळा येतो. अशा उघड्या हेडफोनचा रस्ता याच कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ काढून रुळवला.

उघडेपणाची किंमत मात्र राहत्या घरी मोजावी लागते. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो, विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं त्या बॅरेकींमध्ये उतरली, आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही पत्त्यात बॅरेक नंबर लिहावा लागतो. आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे. भिंतीपलीकडे ओव्हरलॉक मशीन चालतं, खालून रिक्षा जाते, शेजारच्या कुकरची शिट्टी आमचीच वाटते. उघडा हेडफोन यातलं काहीच अडवत नाही. शिवाय आत वाजणारं बाहेरही जातं. शेजारी बसलेल्या माणसाला बंदिश कळेल इतकं. ज्यांना लोकलमध्ये किंवा गजबजलेल्या घरात ऐकायचं आहे त्यांनी हा घेऊ नये, हे आधीच सांगतो. मी पहाटे ऐकतो. मशीनं सुरू होण्याआधीचा तासभर आमची गल्ली खरोखर शांत असते.

आता अ‍ॅम्प्लिफायर कशाला, ते. फोनला लावायच्या साध्या इअरफोनचा विद्युत विरोध साधारण १६ ते ३२ ओहम असतो. एचडी ६०० आहे ३०० ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट, हे शाळेतलं सूत्र इथे कामाला येतं. १ व्होल्ट दिला तर ३२ ओहमात ३१ मिलिवॅट जातात, ३०० ओहमात जेमतेम ३.३. पुष्कळ फोनच्या जॅकमधून अर्धा ते एक व्होल्टच निघतो. त्यामुळे फोनला लावल्यावर हा हेडफोन वाजतो, पण दबकत वाजतो. तबल्याची थाप पडते आणि तिच्यातलं जोर धरणारं पहिलं टोक बोथट होतं. या हेडफोनला करंट फार नको, व्होल्टेज हवं.

दुसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. ३०० ओहम हा आकडा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. १०० हर्ट्झच्या आसपास या हेडफोनचा विरोध ५०० ओहमांच्या घरात जातो. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट विरोध मोठा असेल तर तेवढ्याच पट्ट्यात आवाज फुगतो. काही व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे होतं आणि लोकांना ते ऊबदार वाटतं. मला रेकॉर्डिंगमध्ये जेवढं आहे तेवढंच हवं होतं.

म्हणून मी ओटू नावाचा अ‍ॅम्प्लिफायर निवडला. २०११ साली एका इंजिनियरने टोपणनावाने त्याचं संपूर्ण सर्किट, मोजमापांसकट, सगळ्यांसाठी खुलं केलं. स्वतःच्या वापरासाठी कुणीही बनवावा अशी मुभा दिली. पुढच्याच वर्षी हा माणूस लिहायचा थांबला आणि तो कोण होता हे आजवर उघड झालेलं नाही. सर्किट मात्र जगभर बनत राहिलं. त्याचा आउटपुट विरोध अर्ध्या ओहमाच्या आसपास आहे, म्हणजे वरची फुगण्याची अडचण उरत नाही.

विकतचा तयार मिळतो, पण मी तो आमच्याच गावात जोडून घेतला. लाल चक्कीच्या बाजूला एक सिंधी कारागीर आहेत. वडिलांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं, आता हे चालवतात. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला साईं म्हणतात. सर्किटचा कागद त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “साईं, काम साफ आहे. ज्याने काढलंय त्याने एकही पार्ट फुकट टाकला नाही.” आयसी आणि कंडेन्सर मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणले. अडलं ते अ‍ॅडॉप्टरवर. या सर्किटला १५ व्होल्ट एसी लागतो. आतच त्याचा प्लस-मायनस १२ व्होल्ट डीसी होतो. बाजारातले झाडून सगळे अ‍ॅडॉप्टर डीसीचे. दादांनी ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडून छोटा ट्रान्सफॉर्मर वाइंड करून घेतला.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. सोल्डरिंग गनचं टोक आधी ओल्या स्पंजवर पुसायचं, पार्टचा पाय आणि बोर्डाचं तांबं दोन्ही एकाच वेळी तापवायचं, मग तार लावायची. कथील आपोआप पायाभोवती चढतं आणि थंड झाल्यावर चकचकीत दिसतं. मळकट दिसलं तर तो डाग कच्चा, परत करायचा. सगळं जोडून झाल्यावर मी हेडफोनचा प्लग पुढे केला तर त्यांनी हात आडवा धरला. “आधी मीटर.” आउटपुटवर डीसी किती येतो ते तपासलं. नुसता डीसी गेला तर हेडफोनची कॉइल जळू शकते. मीटरवर दोन-तीन मिलिव्होल्ट दिसले, दोन्ही बाजूंना सारखे, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. उल्हासनगरच्या मालाला बाहेर नकली म्हणून हिणवलं जातं ते मला ठाऊक आहे. त्या टेबलावर मी पाहिली ती शिस्त कुठल्याही कारखान्यात शोभावी अशी आहे.

या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ९ व्होल्टच्या दोन चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या बसतात. लाइट गेली तरी गाणं थांबत नाही. जुन्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो आणि मेनवरच्या यंत्रांत हम शिरतो; बॅटरीवर तो प्रश्नच येत नाही. काही न वाजवता आवाजाचं बटण बरंच पुढे फिरवून मी ऐकलं. पूर्ण शांतता. ना हम, ना हिस्स.

पहिल्यांदा लावली ती कुमार गंधर्वांच्या मैफलीची सीडी. कुमारजी गायला लागण्याआधीच मी थांबलो, कारण तानपुरे ऐकू येत होते. ते आधीही ऐकू यायचे, पण मागे धरलेल्या एका सपाट गुणगुणीसारखे. आता तारा सुट्या झाल्या. पंचमाची तार मधल्या बोटाने, मग जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज तर्जनीने, आणि प्रत्येक तार सुटताना बोटाच्या मांसाचा अगदी हलका स्पर्श. त्यानंतर जवारी उमलते. घोडीवर तारेखाली जो सुती दोरा सरकवतात त्याची जागा केसाएवढी हलली तरी ही जवारी बदलते. तार घोडीच्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते आणि तिच्या पोटातले वरचे स्वर एकामागून एक पुढे येतात.

पुरुष गायकाचा षड्ज काळी एक असेल तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. फोनच्या स्पीकरमधून हा स्वर निघतच नाही. आपण वरच्या स्वरांवरून तो मनाने भरून काढतो. या हेडफोनमध्ये खर्ज आपल्या जागी असतो. त्याच तारेच्या पाचपट कंपनांवर, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपास, शुद्ध गंधार आपोआप उमटतो. तो कुणी छेडलेला नसतो, पण तानपुरा नीट जुळला असेल तर ऐकू येतो. कुमारजी तानपुरे जुळवण्यासाठी किती जीव टाकत हे आपण वाचलेलं असतं. ते कशासाठी, हे मला त्या पहाटे कानांनी कळलं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर भागातल्या भोपळ्यापासून तिथले कारागीर हे वाद्य घडवतात, आणि त्यांची कारागिरी आपण बहुतेक वेळा अशा यंत्रांवर ऐकतो जी ती ऐकवूच शकत नाहीत.

मग मी साथीकडेच लक्ष देऊन ऐकायला लागलो. कुमारजींच्या मागे वसंतराव आचरेकरांचा तबला. ठेका साधा, पण बायाँवर मनगट सरकतं तेव्हा होणारी मींड आता पूर्ण ऐकू येते. गोविंदराव पटवर्धनांची पेटी गायकाच्या स्वराला चिकटते आणि कुमारजी अचानक वळले की क्षणभर थांबून त्यांच्या मागे जाते. तो क्षणभराचा विराम म्हणजे साथीदाराचं ऐकणं. क्षयाच्या आजारानंतर कुमारजींनी गाण्याची सगळी श्वासाची घडीच बदलली. ते छोटे, तुटक पुकार कुठे संपतात आणि श्वास कुठे घेतला जातो, तेही इथे स्वच्छ आहे.

१९६७ साली एचएमव्हीने काढलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी मी वर्षानुवर्षं ऐकत आलो. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. ती घडवून आणणारे जी. एन. जोशी म्हणजे आपले भावगीतगायक गोविंदराव जोशी. तबला माणिकराव पोपटकरांचा. हे शेवटचं नाव किती जणांना आठवतं? आता संतूरच्या काड्यांचा आघात, बासरीत फुंकर शिरण्याचा आवाज आणि पोपटकरांची चाटीवरची बोटं तिन्ही आपापल्या जागी दिसल्यासारखी वेगळी होतात. कोणी कोणाला झाकत नाही.

आईच्या कानांवर हेडफोन चढवला तो गीतरामायण लावून. ती ऐंशीच्या घरात आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ५६ गीतं आठवड्यामागून आठवडे प्रसारित झाली, ती तिने लहानपणी शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकलेली. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग जरा मोठ्यानेच म्हणाली, “अरे, हे व्हायोलिन मागे नाहीये. बाबूजींच्या शेजारीच बसलंय.” प्रभाकर जोगांनी बाबूजींना, म्हणजे सुधीर फडक्यांना, वर्षानुवर्षं व्हायोलिनची साथ केली. ती शेजारी बसून केली हे तिला एका ओळीत ऐकू आलं.

उणिवाही सांगायला हव्यात. हेडफोनची पकड पहिल्या दिवसांत फार घट्ट असते, कानशिलं दुखतात. हळूहळू सैल होते. मखमली गाद्या आपल्या उन्हाळ्यात गरम होणार. अगदी खालचा बेस कमी आहे. ढोलताशाचा दणका किंवा सिनेमाचे स्फोट हवे असतील त्यांची निराशा होईल. वाद्यांमधली अंतरं स्पष्ट असली तरी सभागृहाचा विस्तार फारसा मिळत नाही. आणि खराब रेकॉर्डिंग याच्यावर अधिकच खराब लागतं. माझ्याकडच्या काही एमपीथ्री फायलींत तानपुरा चुरगळल्यासारखा ऐकू आला. त्याच मैफलीची सीडी लावली की प्रश्न मिटला.

एक इशारा गंभीरपणे देतो. स्वच्छ आवाज कर्कश होत नाही, त्यामुळे बटण पुढे फिरवण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. हा हेडफोन हळू आवाजातही सगळं सांगतो. हळूच ऐका.

माझा कौल असा. पैसे मोजके असतील तर ते हेडफोनवर घाला. अ‍ॅम्प्लिफायर पुरेसं व्होल्टेज देणारा, स्वतःचा रंग न चढवणारा असला की बस. त्याच्यावर लाखभर घालून तानपुऱ्याला पाचवी तार फुटत नाही. आणि ज्यांच्याकडे घरगुती मैफलींच्या जुन्या टेपा आहेत, जे त्या डिजिटल करून लोकांपर्यंत पोचवताहेत, त्यांना विनंती आहे. गायकाच्या नावाखाली तबला, पेटी, सारंगी आणि तानपुऱ्यावर कोण होतं तेही लिहा. माहीत असलेली माणसं अजून आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. ती सगळी माणसं त्या टेपेवर आहेत आणि स्पष्ट ऐकू येतात.