डावा आरसा

गाडीच्या दोन आरशांत उजवा लाडका. चालकाने काच खाली करून हात बाहेर काढला की तो मिटतो, उघडतो. डावा मात्र कायम शेजारच्या सीटवाल्याच्या भरवशावर. ती सीट रिकामी असेल तर त्याला वाली नाही. आपल्याकडे स्वस्त गाड्यांना कितीतरी वर्षं तो दिलाच जात नसे. 2009 साली आलेल्या नॅनोच्या साध्या मॉडेललाही एकच आरसा होता, उजवा.

आमच्या जुन्या गाडीला डावा होता, पण हाताने मिटायचा. कोल्हापुरातून केर्लीपर्यंत, रत्नागिरी रस्त्याला, त्याचं बरं चालायचं. जोतिबाचा डोंगर चढून वाडी रत्नागिरीत शिरलं की त्याची सत्त्वपरीक्षा. त्यात रविवार, म्हणजे जोतिबाचा वार. एका बाजूला गुलाल-खोबऱ्याची दुकानं, दुसऱ्या बाजूला दवणा घेऊन बसलेल्या बायका, मधून चाललेली माणसं आणि समोरून दुसरी गाडी. ‘ओ पावणं, आरसं मिटा की!’ अशी हाक यायची आणि आम्ही ऐकेपर्यंत कुणीतरी तळहाताने तो मिटवूनही टाकलेला असायचा. चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचवत येणाऱ्यांना तर कुणाच्या आरशाकडे बघायला सवड नसतेच, आणि नसावीच.

शेवटी उद्यमनगरातल्या एका वायरमनने त्याचं नशीब काढलं. याच गाडीच्या वरच्या मॉडेलची, मोटरवाली जोडी जुन्या बाजारातून मिळवली. आरसा बसवणं सोपं होतं: दाराच्या कोपऱ्यातलं तिकोनी झाकण काढायचं, बोल्ट सोडायचे, नवा चढवायचा. खरा घाम निघाला तो वायर ओढताना. दार आणि बॉडी यांच्यामध्ये रबराची एक नळी असते. साध्या मॉडेलच्या त्या नळीतून आरशासाठी एकही वायर आलेली नव्हती. वायरमनने दाराचं पॅड उतरवलं, कडक तारेला नव्या वायरी बांधल्या आणि ती तार नळीतून पलीकडे काढली. हेडलाइटच्या वायरीला टाका मारून काम उरकणारे पुष्कळ असतात. याने वेगळा फ्यूज दिला. त्या फ्यूजवरून कारागीर ओळखावा.

आतली यंत्रणा तशी साधी आहे. छोटी मोटर, तिच्यापुढे वेग कमी करून जोर वाढवणारे बारीक गिअर. मिटवण्याच्या दोन वायरींतली प्लस-मायनस उलटी केली की मोटर उलटी फिरते. बटण दाबलं की घुर्र, मग टक. ही हुशारी जपानची. तिथे 1983 पर्यंत आरसे दाराला नव्हे, पुढच्या मडगार्डवर लावावे लागत. ती अट उठली, आरसे दारावर आले आणि अरुंद गल्ल्यांत अडू लागले. 1984 च्या निसान लॉरेलमध्ये ते विजेवर मिटायला लागले.

मोटर आली तसा आमच्या डाव्याचा स्वभावच बदलला. पूर्वी कुणीही ढकलावं, हा मुकाट मिटे. आता त्याला हात लावलेला खपत नाही. जबरदस्तीने दाबला की तो गिअरवरच्या आपल्या खाचेतून सुटतो आणि मग उतारभर मान हलवत राहतो. त्याची समजूत काढायची रीत एकच: बटणाने पूर्ण मिटवायचा, पूर्ण उघडायचा, टक ऐकू येईपर्यंत. ‘चांगभलं’च्या गजरात उधळलेला गुलालही त्याच्या सांध्यात जाऊन बसतो. तो कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याचा फवारा मारलात तर गुलाबी चिखल आत उतरतो.

उजव्याला मोटरची गरज नव्हती. जोडी म्हणून तोही आला. पैसे वसूल केले ते डाव्याने. जुन्या गाडीवर असा खर्च शोभेसाठी करणाऱ्यांशी माझं जमत नाही, पण जोतिबाच्या वाटेवर हा आरसा शोभेचा नव्हे, कामाचा आहे. मात्र गर्दी सरली की तो आठवणीने उघडा. मिटलेल्या आरशाने घाट उतरणं म्हणजे डावी बाजू देवावर सोडणं.

आणि पायी चालणाऱ्यांना एक विनंती. असा आरसा वाटेत आला तर ढकलू नका, काचेवर टकटक करा. आत बटण आहे.