चार मीटरांत वळणारी गाडी

किल्ली फिरवली की आवाज पाठीमागून येतो. टाटांच्या नॅनोत पहिल्यांदा बसणारा हमखास मागे वळून पाहतो. ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटखाली आहे आणि पुढच्या इवल्याशा बॉनेटखाली स्टेपनी. पेट्रोलही तिथेच भरायचं. पंपावरचा मुलगा सवयीने नळी घेऊन मागे निघतो, "दादा, पुढे, पुढे" म्हणत आपण बॉनेट उघडून द्यायचं. टाकी जेमतेम १५ लिटरची.

गाडीची लांबी ३.१ मीटर, पण आत बसल्यावर हे खरं वाटत नाही. बैठक उंच आहे, सहाफुटी माणूसही ताठ बसतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला फारसं वाकावं लागत नाही, साडी सावरत ती सरळ सीटवर टेकते. चाकं बारा इंची आणि चार कोपऱ्यांत ढकललेली, म्हणून मधली सगळी जागा माणसांची.

पुण्याच्या पेठांतून ही गाडी चालवावी. सदाशिव पेठेतली एखादी गल्ली, दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकी, समोरून रिक्षा, मधूनच रस्ता ओलांडणारे आजोबा. सुरुवातीच्या नॅनोला पॉवर स्टिअरिंग नव्हतं, पण इंजिनाचं ओझं मागे असल्यामुळे पुढची चाकं हलकी राहतात आणि चक्र सहज फिरतं. वळणाची त्रिज्या फक्त चार मीटर. मोठ्या गाड्या जिथे पुढे-मागे करत घामाघूम होतात, तिथे ही एका दमात वळून निघून जाते. गिअर चारच. दुसऱ्या-तिसऱ्यात ती शांत, समजूतदार चालते आणि आपल्याही मनातली घाई उतरते. गर्दीत असा निवांतपणा मला दुसऱ्या कुठल्या गाडीने दिलेला नाही.

पावसात तर तिच्यावर जास्तच जीव जडतो. समोर एकच लांब वायपर, सगळी काच एकटा पुसणारा. स्कूटरवर नवरा-बायको आणि मुलं दाटीवाटीने चाललेली पाहून रतन टाटांना या गाडीची कल्पना सुचली. आजही सिग्नलला शेजारी असं भिजलेलं कुटुंब थांबतं तेव्हा, छप्पर ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते कळतं.

एक लाख रुपयांत गाडी बसवायचं गणित गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यातल्या इंजिनिअरांनी सोडवलं. चाकाला तीनच नट. पहिल्या गाड्यांना डिकीचं दारही नव्हतं, सामान मागची सीट पाडून ठेवायचं. पण वजन मागे, म्हणून मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद दिले. तिथे पैसे वाचवले नाहीत. कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, हे ज्यांना इतकं नेमकं कळलं, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

द्रुतगती मार्ग मात्र तिचा नव्हे. वेग वाढला की इंजिनाचा आवाज गप्पांवर कुरघोडी करतो आणि शेजारून ट्रक गेला की वाऱ्याने गाडीचं अंग हलतं. शहरासाठी जन्मलेल्या गाडीकडून ती अपेक्षा करूही नये.

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत तिचं पहिलं दर्शन झालं तेव्हा जगभरचे कॅमेरे तिच्याकडे वळले होते. पुढे पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला कारखान्याच्या जमिनीवरून झालेलं आंदोलन, तिथून गुजरातेतल्या साणंदला हललेला कारखाना, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का. आपल्याकडे गाडी घेताना माणूस चार लोकांतली पतही घेत असतो. त्या शिक्क्याने ती पतच काढून घेतली. तसं मांडणं चुकलं, हे रतन टाटांनीही पुढे कबूल केलं. २०१८ च्या अखेरीस उत्पादन थांबलं.

भरवस्तीत चालवायला याहून शहाणी गाडी आपल्या देशात झाली नाही, असं माझं ठाम मत आहे. ओळखीत कुणाकडे नीट राखलेली नॅनो असेल तर एकदा मागून घ्या आणि संध्याकाळच्या गर्दीत, पेठेतल्या एखाद्या अरुंद बोळात वळवून पाहा.